सहा नंबरचा गुरुवार

माझ्या भावाच्या मुलीला आम्ही घरात चौकशीबाई म्हणायचो. हे नाव तिच्या काकूने, म्हणजे माझ्या बायकोने ठेवलं. पोरगी बोलायला लागली तीच प्रश्न विचारत. दूध पांढरं का, मांजर पायाला अंग का घासतं, शेजारचे आजोबा स्वतःशी का बोलतात. शेवटचा प्रश्न तिने त्या आजोबांनाच जाऊन विचारला. ते म्हणाले, "दुसरं कोणी ऐकत नाही म्हणून." मग शाळेतून आली की ती रोज त्यांच्या पायरीवर जाऊन बसायची. ते असेपर्यंत बसली.

भाऊ लवकर गेला. वहिनी कपड्यांच्या कारखान्यात पाळीवर असायची, त्यामुळे पोरगी आमच्याकडेच वाढली. आम्हाला मूल नाही. मी फरशी बसवण्याचं काम करायचो. सुट्टीच्या दिवशी ती माझा डबा घेऊन यायची आणि बघत बसायची. बसवलेली फरशी मी थापीच्या दांड्याने ठोकून बघतो, हे तिने हेरलं.

"काका, आवाजावरून काय कळतं?"

"खाली माल नीट भरलाय की कुठे पोकळ राहिलंय, ते."

संध्याकाळी घरी येऊन तिने चमच्याने आमच्या घरातली फरशीन् फरशी ठोकली आणि दोन पोकळ शोधून काढल्या. माझ्याच हातच्या. तिच्या काकूला पुढे कितीतरी दिवस तोंडी लावायला तेवढं पुरलं. मी कोणाचं सहसा कौतुक करत नाही. पण ही पोरगी अर्धवट काम करणार नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

शिकून ती मोबाइलची अ‍ॅप बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. काम काय, तर लोकांना प्रश्न विचारायचे. अ‍ॅप बनवणारे वेगळे. ते कोणासाठी बनवायचं, त्या माणसाला नक्की कशाची गरज आहे, बनवलेलं त्याला वापरता येतं का, हे शोधून काढणं हिच्याकडे.

काकू म्हणाली, "आजवर फुकट डोकं खायचीस. आता पगार घेऊन खा."

मला आधी ते काम वाटलं नाही. मग विद्यापीठाने त्या कंपनीला विद्यार्थ्यांसाठी अ‍ॅप बनवायला सांगितलं. तासांचं वेळापत्रक, ग्रंथालय, होस्टेलच्या तक्रारी, निकाल, सगळं एका जागी. ही रोज तिथे जायला लागली. ग्रंथालयाच्या रांगेत उभी राहायची, कँटीनमध्ये बसायची, होस्टेलचे जिने चढायची. काही आठवड्यांनी दारात काढलेले तिचे बूट मी पाहिले. टाचा एका बाजूने झिजल्या होत्या. बसून बोलणाऱ्याच्या टाचा अशा झिजत नाहीत. तेव्हा मी मानलं.

विद्यापीठात एक समुपदेशक होते, म्हणजे मुलांनी मनातलं बोलावं म्हणून नेमलेला माणूस. त्यांच्याकडे कोणी जात नसे. का, ते हिने शोधून काढलं. भेट हवी असेल तर कचेरीच्या खिडकीवर सांगावं लागे, आणि खिडकीतला कारकून सगळ्यांच्या देखत मोठ्याने विचारी, "कशासाठी भेटायचंय?" पोरं तिथूनच मागे फिरत. हिने सुचवलं की ही भेट फोनवरून गुपचूप ठरवता यावी. ही कल्पना तिची. कंपनीत सगळ्यांना आवडली.

खरं अ‍ॅप बनवण्याआधी नमुना बनवतात. दिसायला हुबेहूब. बटणं दाबली की पुढची पानं येतात. पण मागे काही जोडलेलं नसतं. नुसती चित्रं. तो नमुना मुलांच्या हातात देऊन, ती कुठे अडतात ते बघायचं. त्याचे नियम कडक. मदत करायची नाही. हो-नाही दाखवायचं नाही. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, असं समोरच्याला सांगायचं. आणि त्याने काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, उलट त्यालाच विचारायचं. उत्तर दिलं की तो आपल्या तोंडाकडे बघून बटणं दाबतो, मग चाचणीला अर्थ राहत नाही.

याचा सराव तिने काकूवर केला.

"हे दाबू का?" काकूने विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला तुम्ही कधीपासून म्हणायला लागलीस?"

"काकू, सरावात तसंच बोलायचं असतं. मनात येईल ते मोठ्याने बोला."

"मनात येतंय की चष्मा सापडत नाहीये आणि तू माझा जीव खाते आहेस. दाबू का नको?"

"तुम्हाला काय वाटतं?"

काकूने फोन तिच्या मांडीवर टाकला आणि आत गेली. मी पोट धरून हसलो. ती मात्र कागदावर टिपत होती.

नमुन्यात भेटीची वेळ आणि जागा दाखवायची होती. दुसऱ्या कोणी काहीतरी ठोकून दिलं असतं. ही विद्यापीठात जाऊन दार बघून आली. तिसरा मजला, खोली बारा. दारावर समुपदेशकांची पाटी, खाली त्यांची बसायची वेळ, गुरुवारी चार वाजता. दार बंद होतं, कारण ती गेली तो सोमवार होता. तिने पाटीवरचं जसंच्या तसं घेतलं.

"खोटं दिसलं की मुलं खोटं वागतात, काका. सगळं खरं दिसलं पाहिजे."

मला पटलं. माझीही कामाची रीत तीच. तो मजला माझ्या माहितीचा होता, तिथली फरशी आम्हीच बसवली होती. लांबलचक व्हरांडा, बसायला बाक नाही, आणि फरशी कायम गार.

चाचणीला मुलं एकेक करून आली. त्यांची नावं चाचणीत घेत नाहीत. प्रत्येकाला नंबर. चाचणीची फीत घेतात, पण तिच्यात चेहरा येत नाही, फोनचा पडदा आणि हात तेवढे दिसतात. म्हणजे कोणी काही बोललं तर त्याच्यावर बालंट येऊ नये. सुरुवातीला ती सगळ्यांना एकच मजकूर वाचून दाखवायची. हे अ‍ॅप अजून तयार नाही, हा नमुना आहे, परीक्षा तुमची नाही, अ‍ॅपची आहे. सही घ्यायची आणि सुरुवात करायची.

सहा नंबरचा मुलगा उंच, खांद्यात वाकलेला. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं. पुढे जे झालं ते तिने आम्हाला इतक्या वेळा सांगितलं आहे की मला पाठ आहे.

ती म्हणाली, "समजा, तुम्हाला समुपदेशकांना भेटायचंय. वेळ घेऊन दाखवा."

तो म्हणाला, "समजा कशाला, भेटायचंच आहे." आणि थोडा हसला.

तिने मान हलवली नाही. नियम होता.

कारण निवडायचं पान आलं. झोप, अभ्यास, एकटेपणा. त्याने तिन्हींवर बोट ठेवलं. नमुन्यात एकच निवडता येत होतं. तो म्हणाला, "तिन्ही आहेत. बरेच दिवस आहेत." तिने टिपलं, एकापेक्षा जास्त कारणं निवडता यायला हवीत.

शेवटचं पान आलं. तुमची भेट ठरली आहे, गुरुवार, चार वाजता, खोली बारा. त्याने ते दोनदा वाचलं. मग तिच्याकडे बघून विचारलं, "मग गुरुवारी जायचं ना?"

ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"जायचं," तो म्हणाला.

तिने टिपलं, पुढे काय करायचं ते स्पष्ट कळलं. त्याने तिचे आभार मानले आणि गेला. सगळ्या मुलांत त्याचीच चाचणी सर्वांत सरळ झाली होती. कुठे अडला नाही. मोठ्या बैठकीत तिच्या वरच्या मॅडमनी त्याचीच फीत लावली आणि म्हणाल्या, बघा, याला म्हणतात सोपं. त्या संध्याकाळी तिने घरी केक आणला.

अ‍ॅप बनायला लागलं. भेटीच्या वेळा पक्क्या करायच्या म्हणून ती काही आठवड्यांनी पुन्हा त्या मजल्यावर गेली. गुरुवार होता, दार बंदच. व्हरांड्याच्या टोकाला स्टुलावर शिपाई बसला होता.

"ते साहेब? ते गेले केव्हाच, ताई. पोरं सुट्टीवरून यायच्या आधीच सोडून गेले. नवीन कोणी आलं नाही."

"पण पाटी आहे की."

"पाटी काढायला माणूस लागतो. तोही नाही." शिपाई हसला. मग तिच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघून म्हणाला, "तुम्ही त्या मोबाइलवाल्या का? तुमचं ते अ‍ॅप सुरू झालं वाटतं."

"नाही अजून. का?"

"एक पोरगा आला होता. म्हणे वेळ घेतलीय, चारची. मी म्हटलं दाखव. तर म्हणतो माझ्या फोनवर नाही, एका ताईंच्या फोनवर आहे. मी म्हटलं बाबा रे, मग ताईंनाच भेट. नाही ऐकलं. तिथे, दारापाशी, फरशीवर बसून राहिला. मी खाली कुलूप लावायला निघालो तेव्हा त्याला उठवलं. पुढच्या गुरुवारी परत आला. त्याच्या पुढच्याही."

"मग?"

"मग नाही आला."

ती घरी आली ती चप्पल न काढता स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. काकूने विचारलं, काय झालं. तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "त्याने मला मोठ्याने सांगितलं होतं, काकू. मीच सांगितलं होतं मोठ्याने बोल म्हणून."

दुसऱ्या दिवशी ती मॅडमकडे गेली आणि सहा नंबरचं नाव मागितलं. सह्यांचे कागद त्यांच्या ताब्यात असतात.

"सुरुवातीला त्याला सांगितलं होतंस ना, हा नमुना आहे म्हणून?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"मग?"

"शेवटी त्याने विचारलं. मी उत्तर दिलं नाही."

"द्यायचंच नसतं. तू बरोबर केलंस."

"मला नाव द्या."

"नाव देत नाही असा आपणच त्यांना शब्द दिलाय. एकासाठी मोडला तर उद्या कोण बोलेल आपल्याशी?"

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं की असा एक विद्यार्थी आहे, लक्ष ठेवावं. कोणावर ठेवायचं ते पत्रात नव्हतं.

मग ती स्वतः शोधायला लागली. तिच्याकडे होतं काय, तर चेहरा आणि काळं नख. काम सुटलं की होस्टेलच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. पहारेकरी आधी हटकायचा, मग स्वतःची खुर्ची द्यायला लागला. पोरं टिंगल करायची, "ताई, कोणाची वाट बघताय, आम्ही चालणार नाही का?" ती प्रत्येकाला विचारायची. उंच, वाकून चालणारा, अंगठ्याला लागलेलं. रोज तेच. तिचं जेवण तुटलं. मला एकच दिसत होतं, तो मुलगा जिवंत आहे की नाही हे कळल्याशिवाय ती थांबणार नाही. आणि नाही असं कळलं, तर आमचीही पोरगी जाणार.

शेवटी एकजण थांबला. म्हणाला, "नखावर फळी पडलेला? तो वखारवाला. माझ्याच खोलीत होता. गेला घरी. परीक्षेला बसलाच नाही."

तिने त्याला तिथेच कट्ट्यावर बसवलं.

"गुरुवार आला की दाढी करायचा," तो सांगायला लागला. "म्हणायचा माझी वेळ आहे. आम्ही चिडवायचो, कोण आहे रे ती, आम्हाला दाखव. एका गुरुवारी उठलाच नाही. मी म्हटलं, आज नाही का वेळ? तर म्हणाला, ते आले असतील, मला लांबूनच बघितलं असेल, आणि परत गेले असतील."

गावाचा पत्ता त्यानेच दिला.

काकू मला म्हणाली, "तिच्याबरोबर जा. तिथे शहाणपणा करू नका. नुसते जा."

बसने बराच वेळ लागला. ती खिडकीबाहेर बघत होती आणि ओठ हलत होते. काय बोलायचं त्याचा सराव चालला होता.

रस्त्याला लागूनच लाकडाची वखार. पत्र्याच्या छपराखाली मोठी करवत, तिच्यापाशी बाप. मागे मुलगा ओल्या फळ्या उचलून रचत होता. आम्ही फाटकात उभे राहून थोडा वेळ बघितलं. फळी उचलायची, नेऊन ठेवायची, परत. मध्ये पाणी नाही, घाम पुसणं नाही, हात झटकणं नाही. तळहाताला चिंध्या बांधलेल्या, त्या लाल झालेल्या. मी हयातभर मजुरांबरोबर काम केलंय. कामाचा माणूस मध्ये दम खातो, कारण त्याला उद्याही यायचं असतं.

ती त्याच्यापाशी गेली. मी दोन पावलं मागे.

"मला ओळखलंत?"

त्याने बघितलं. "हो. फोनवाल्या."

सराव केलेलं सगळं ती विसरली. म्हणाली, "ती वेळ खरी नव्हती. ते नुसतं चित्र होतं, मी काढलेलं. त्या खोलीत कोणी नव्हतंच, आधीपासून. तुम्हाला बघून कोणी परत गेलं नाही."

तो फळी खांद्यावर घेऊन उभा होता. ती ठेवून आला, दुसरी उचलली.

"मी तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"हो."

"जायचं ना, म्हणून."

"हो. मी चुकले."

एवढ्यात करवत बंद झाली आणि बाप आला. कोण तुम्ही, काय पाहिजे? तिने विद्यापीठाचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला.

"परत न्यायला आलात तर तो येणार नाही. तिथे सगळे म्हणत होते पोरगं अंग चोरतं, खोलीत पडून राहतं. आता बघा. दोघांचं काम एकटा ओढतो."

"मध्ये थांबतो का कधी?" मी विचारलं. काकूने सांगितलेलं मी पाळलं नाही.

"कशाला थांबायचं?"

"दम खायला."

"नाही थांबत," बाप म्हणाला. अभिमानाने म्हणाला.

"दादा, हातांकडे बघा त्याच्या. हे काम नाही. त्याला डॉक्टरकडे न्या."

बापाने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "सवय होईल हातांना," आणि जाऊन करवत सुरू केली. पुढचं बोलणं ऐकू येण्यासारखं राहिलं नाही. तो निर्दय नव्हता. त्याला जेवढं बघवत होतं तेवढंच त्याने बघितलं.

निघताना ती मुलाच्या अगदी जवळ जाऊन, करवतीच्या वर आवाज चढवून म्हणाली, "मी फोन केला तर उचलाल का?"

तो म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?"

खोचकपणे नाही. खरोखर विचारत होता.

ती म्हणाली, "मला माहीत नाही."

मग त्याने खिशातून खडू काढला, फळीच्या तुकड्यावर नंबर लिहिला आणि तुकडा तिला दिला. परतीच्या बसमध्ये तो तुकडा तिच्या मांडीवर होता. ती रडली नाही. मला वाटत होतं रडावं.

कंपनीत तिने एकच मागणी केली. समुपदेशक नेमला जाईपर्यंत ते बटण काढा. अ‍ॅप ठरल्या दिवशी सुरू झालं. बटण आहे. दाबलं की 'लवकरच' असं येतं. तिने नोकरी सोडली. मॅडम घरी येऊन बसल्या, समजावून गेल्या. ती त्यांना चहा देऊन आत गेली.

आता ती औषधांच्या गोदामात आहे. खोकी उघडायची, आतला माल ताडून बघायचा, बंद करायची. काम चोख करते. पण विचारत काही नाही. घरात नाही, दारात नाही. मी पडलो, गुडघा सुजला, तर तिने न बोलता शेक दिला. काकूने एकदा मुद्दाम जेवणात मीठ घातलं नाही. ती जेवून उठली, ताट धुतलं. काकू माझ्याकडे बघत राहिली. त्या घटकेपासून आम्ही दोघं तिला चौकशीबाई म्हणत नाही. जिभेवर येतं, पण म्हणत नाही.

गोदामात तिने आठवड्याची सुट्टी गुरुवारची मागून घेतली. चार वाजता ती गॅलरीत जाते, फोन कठड्यावर ठेवते, स्पीकर चालू करते आणि लावते. कधी तो उचलत नाही. तेव्हा ती पुन्हा लावते, पुन्हा लावते, आणि मी आतल्या खोलीत उगाच काहीतरी हलवत राहतो. बहुतेक वेळा उचलतो. 'हं' म्हणतो. ती 'मी आहे' म्हणते. त्यानंतर बोलणं नाही. तो फोन तिथेच कुठेतरी ठेवतो आणि कामाला लागतो. करवतीचा आवाज येतो, फळीवर फळी पडल्याचा येतो. ती पायरीवर बसावं तशी उंबऱ्यावर बसून ऐकते, पलीकडून फोन बंद होईपर्यंत.

डॉक्टरकडे त्याला अजून नेलेलं नाही. मी त्याच्या बापाला दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी त्याने माझा नंबर ओळखून उचलला नाही.

परवाच्या गुरुवारी मी तिच्या मागे स्टुलावर बसलो होतो. फळ्या पडत होत्या, एकामागून एक, नेहमीसारख्या. मग एकदा पडली नाही. करवत चालू होती, पण फळी नाही. तिची मान ताठ झाली. तिने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला, तोंड उघडलं, आणि मिटलं. मला आता तिच्या मागून काही ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, "काय?"

तिने हात वर करून मला गप्प केलं.

"पाणी पितोय," ती म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा फळी पडली.